हजार एक डब्यांची गाडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात 'स्नोपिअर्सर' या फ्रेंच कॉमिक्स मालिकेची ओळख छापली आणि पत्रांचा ढीग लागला. सोलापूर हे रेल्वे विभागाचं गाव, त्यात ही गोष्ट गाडीची. त्यामुळे निम्मी पत्रं रुळांवरच घसरली आहेत, आणि आमची त्याला काही हरकत नाही.

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हवामान बिघडवणाऱ्या अस्त्रामुळे पृथ्वी गोठली आहे. उरलेली माणसं हजार एक डब्यांच्या, कधीच न थांबणाऱ्या गाडीत राहतात. पुढच्या डब्यांत चैन, शेपटाकडे हाल. जाक लोब यांनी लिहिलेली आणि जाँ-मार्क रोशेत यांनी चितारलेली ही कथा १९८२ पासून 'आ सुईव्र' मासिकात आली आणि १९८४ साली तिचं पुस्तक झालं. लोब १९९० मध्ये वारले. १९९९ मध्ये दुसऱ्या लेखकाच्या हाती मालिका पुन्हा सुरू झाली. भांडण आहे ते इथून पुढचं.

दुकानात या मालिकेची तीन-चार पुस्तकं दिसतात. काही 'आधीची कथा' म्हणून विकतात. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, अक्कलकोट

छापून आली त्याच क्रमाने वाचा. पहिलं १९८४ चं. मग बेंजामँ लग्राँ यांनी लिहिलेली १९९९ आणि २००० ची दोन पुस्तकं, जी इंग्रजीत एकाच खंडात मिळतात. त्यानंतर ऑलिव्हिए बोके यांनी लिहिलेलं २०१५ चं 'टर्मिनस'. म्हणजे इंग्रजी खंड एक, दोन, तीन. चित्रकार सगळीकडे रोशेतच. २०१९ पासून आलेले पूर्वकथेचे भाग कथेच्या काळाप्रमाणे सर्वांत आधीचे असले, तरी ते शेवटी वाचायचे. पहिल्या पुस्तकात जग कसं बुडालं हे अर्धवटच कळतं. गाडीतल्या लोकांनाही ते नीट आठवत नाही, आणि त्या अर्धवटपणातच त्याची सगळी दहशत आहे. पूर्वकथेत ते कारण उलगडून सांगितलं आहे. ते आधी वाचलंत तर पहिल्या पुस्तकातली भीती आयतीच पातळ होईल.

पैसे एकाच खंडाचे असतील तर पहिला घ्या. तो स्वतःपुरता पुरा आहे.

पहिल्या पुस्तकात ही एकच गाडी उरली आहे असं वाटतं. पंधरा वर्षांनी अचानक दुसरी गाडी! हे म्हणजे दैनंदिन मालिकेत मेलेला नवरा परत आणण्यासारखं झालं. शिवाय चित्रंही घाईत उरकल्यासारखी. फसवणूक नाही का ही? — दोन मैत्रिणी, बुधवार पेठ

तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या ठेवू, कारण एकीशी आम्ही सहमत आहोत आणि एकीशी नाही.

दुसरी गाडी ही पळवाट आहे, हे खरं. पहिल्या पुस्तकाचा शेवट असा आहे की त्याच डब्यांतून पुढे जायला वाट नाही. लग्राँ यांना मालिका चालवायची तर नवे रूळ हवेच होते. पण त्यांनी त्या पळवाटेची किंमत चुकती केली आहे. दुसऱ्या गाडीतली माणसं रोज एकाच भीतीत जगतात : पहिली गाडी याच मार्गावर कुठेतरी आहे आणि एक दिवस टक्कर होणार. म्हणून गाडी अधूनमधून ब्रेक लावून पाहते, आणि माणसं पोशाख चढवून बर्फात उतरतात. 'थांबलो तर मेलो' हा पहिल्या पुस्तकाचा नियम आणि 'नाही थांबलो तर आपटलो' हा दुसऱ्याचा. पुन्हा सुरू केलेली मालिका तपासायची ती अशी : नवा लेखक जुना नियम मोडतो का? मोडला तर त्याचा हिशेब देतो का? इथे बराचसा दिला आहे.

चित्रांचं म्हणाल तर ती घाईची नाहीत. १९८४ चा रोशेत बारीक निबेने रेघा मारतो, डब्याचा रिवेटन् रिवेट दिसतो. १९९९ चा रोशेत ब्रशने काम करतो : काळ्या शाईचे रुंद फटकारे, पातळ केलेल्या शाईचे करडे थर. चित्रकार पंधरा वर्षं एका जागी थांबत नाही. तोटा एकच झाला आहे, आणि तो मोठा आहे. बर्फात उतरणारी माणसं एकाच तऱ्हेच्या पोशाखात आहेत, चेहरे दोन-चार फटकाऱ्यांत उरकले आहेत, त्यामुळे कोण बोलतंय हे कळायला मागे जावं लागतं. नायक पुइग ओळखू येईपर्यंत पहिलं प्रकरण दोनदा वाचा, मग अडचण येत नाही.

मूळ लेखकच परत आला की कुरकुर वेगळी असते. जेफ लेमायर यांनी 'स्वीट टूथ' ही ४० अंकांची मालिका २०१३ मध्ये संपवली आणि २०२० मध्ये स्वतःच सहा अंकांनी पुन्हा उघडली. तिथे 'घरात परका शिरला' असं कुणाला म्हणता येत नाही. 'मग आधी संपवली कशाला' एवढंच म्हणता येतं.

मी गाडीत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. १००१ डबे, इंधन नाही, थांबा नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्याने कधी यार्ड पाहिलं होतं का? — रेल्वे लाइन्स, सोलापूर

साहेब, तुमच्या पत्राची आम्ही वाटच पाहत होतो.

आधी लांबी. आपला एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा प्रवासी डबा, कपलिंगसकट साधारण २४ मीटर. १००१ डबे म्हणजे २४ किलोमीटर. इंजिन सोलापूर स्टेशनात उभं असेल तर शेवटचा डबा होटगी जंक्शनच्याही पलीकडे पडेल. आता वजन : डबा ५० टनांचा धरला तर ५०,००० टन. सपाट, सरळ रुळावर चाकांच्या घर्षणापोटी दर टनाला ढोबळ २ किलोची ओढ लागते. म्हणजे १०० टन ओढ. ताशी ८० किलोमीटरने ही ओढ टिकवायला जवळजवळ २२ मेगावॉट हवेत. डब्ल्यूएपी-७ इंजिन ६,३५० अश्वशक्तीचं, म्हणजे ४.७ मेगावॉटच्या आसपास. तशी पाच इंजिनं नुसत्या चाकांच्या घर्षणात संपली. वारा, वळणं, चढ, डब्यांतली ऊब आणि दिवे अजून मोजलेच नाहीत. चाकांच्या फिरण्यातून वीज काढू म्हणाल तर तोच ब्रेक झाला. गाडी चालवण्यासाठी गाडीलाच अडवणं होईल ते.

ब्रेकचं तर तुम्ही आम्हाला शिकवाल. ब्रेक पाइपातला चौरस सेंटीमीटरला ५ किलोचा हवेचा दाब ड्रायव्हरने सोडला की ती खबर हवेतूनच मागे जाते, आवाजाच्या वेगापेक्षा जलद जाणं शक्य नाही. २४ किलोमीटर जायला सव्वा मिनिट तरी लागेल. तोवर पुढचे डबे आवळले गेलेले आणि मागचे वीस किलोमीटर अजून ढकलताहेत. मधला एखादा डबा उचलला जाणार, नाहीतर कपलिंग तुटणार. दुसऱ्या खंडात ब्रेकचा एवढा घोष आहे, पण ही गोष्ट लेखकाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

तरीही इंजिनाच्या बाबतीत आम्ही लोबना माफ करू. गाडीतले लोक इंजिनाला संत मानतात, त्याची पूजा होते. ते इंजिन यंत्रशाळेतलं नाहीच, गाभाऱ्यातलं आहे. आमचा आक्षेप खालच्या रुळांवर आहे.

रुळाचं पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०११५ मिलिमीटर आकसतं. तापमान १०० अंशांनी उतरलं तर १३ मीटरच्या जुन्या तऱ्हेच्या रुळाच्या सांध्यात १५ मिलिमीटर फट पडेल. लांब जोडलेला रूळ असेल तर त्याला आकसायला जागाच नाही, मग तो ताणाखाली येतो. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळात १०० अंशांच्या फरकाने सुमारे १८५ टन ओढ तयार होते. नुसत्या या ओढीने ८८० ग्रेडचा चांगला रूळ तुटत नाही. त्याला याच्या तिप्पट-चौपट ताण सोसतो. पण थंडीत पोलाद ठिसूळ होतं, आणि वेल्डिंगमध्ये केसाएवढी भेग असली की तिथून ते काचेसारखं जातं. आपल्याकडे मे महिन्यात रूळ वाकतो का हे पाहायला आणि थंडीच्या रात्री तुटतो का हे पाहायला पेट्रोलमन चालत जातो, तो याचसाठी. स्नोपिअर्सरच्या जगात गँगमन नाही, कीमन नाही, चाव्या ठोकणारं कुणी नाही, तरी रूळ वर्षानुवर्षं शाबूत! कथेतली सर्वांत मोठी थाप इंजिनाची नाही, या रुळांची आहे.

आणखी एक. एवढ्या माणसांच्या मेहनतीवर गाडी चालते हे सांगणाऱ्या पुस्तकात रुळावरचा मजूरच गायब असावा, ही गोष्ट आम्हाला खटकली.

दुसऱ्या खंडात गाडी रूळ सोडून गोठलेल्या समुद्रावरून जाते. हे तर अगदीच अशक्य ना? — बारावीचा विद्यार्थी, बार्शी

उलट हे त्यातल्या त्यात शक्य. गोड्या पाण्याच्या चांगल्या, स्वच्छ बर्फासाठी एक ठोकताळा आहे : जाडी सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा, चारने गुणायचं. तेवढे किलो सुरक्षित भार. १२३ टनांच्या इंजिनाला पावणेदोन मीटर बर्फ पुरतो. समुद्राचा बर्फ खाऱ्या पाण्याच्या खिशांमुळे कमजोर असतो, म्हणून दुप्पट धरा. वर्षानुवर्षं गोठलेल्या समुद्रावर तेवढा असणारच.

असा प्रयोग प्रत्यक्षात झालाही आहे. १९०४ च्या रशिया-जपान युद्धात बैकल सरोवराच्या बर्फावर रूळ टाकले होते. पहिलं इंजिन बर्फ फोडून खाली गेलं, तेव्हा मग डबे घोड्यांनी ओढून पलीकडे नेले.

अडचण वेगळीच आहे. समुद्राचा बर्फ सपाट नसतो. तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन कित्येक मीटर उंचीचे बांध उभे राहतात. रूळ सोडलेली गाडी अशा पहिल्याच बांधावर अडकायला हवी. चित्रात समुद्र हुतात्मा बागेतल्या हिरवळीसारखा साफ दाखवला आहे.

सिनेमा पाहिलाय. पुस्तक वाचायची गरज आहे का? — सात रस्ता

आहे. बाँग जून-हो यांच्या २०१३ च्या सिनेमात शेपटाकडचे लोक बंड करून डब्यामागून डबा जिंकत पुढे जातात. पुस्तकात बंड नाही. प्रोलॉफ नावाचा एकटा माणूस मागून निसटतो, पकडला जातो आणि आदेलिन नावाच्या बाईबरोबर पहाऱ्यात पुढे नेला जातो. म्हणजे सिनेमात लढाई आहे, पुस्तकात वरात. सिनेमात शेपटाकडच्यांना खायला देतात त्या काळ्या वड्याही पुस्तकात नाहीत. तिथे एका डब्यात मांसाचा एक आपोआप वाढणारा प्रचंड गोळा आहे, तो कापून लोकांना वाटतात. त्याला नाव 'मामा'. जेवताना वाचू नका.

आठवीतल्या मुलाला वाढदिवसाला द्यावं म्हणते. — एक आई, जुळे सोलापूर

ताई, नको. नग्नता आहे, आत्महत्या आहे, आणि पहिल्या खंडाचा सूर सोळाच्या आत झेपणारा नाही. जग बुडाल्यानंतरचीच गोष्ट हवी असेल तर जॅक कर्बी यांचा १९७२ पासूनचा 'कमांडी' बघा. बोलणारे वाघ, हुशार माकडं, आणि माणसं मुकी झालेली. मारामारी आहे, पण घाण नाही.

जाड पुस्तक घेतलं, दोन उन्हाळ्यांत पानं सुटायला लागली. छपाईच खराब का? — होटगी रोड

बहुतेक वेळा छपाई नाही, बांधणी. पुस्तक विकत घेतानाच पाठीच्या वरच्या टोकाकडे नीट बघा. दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले तर ते दोऱ्याने शिवलेलं आहे. सगळ्या पानांची कापलेली कडा सरळ डिंकात रोवलेली दिसली तर नुसतं चिकटवलेलं. हा गरम करून लावलेला डिंक आपल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात मऊ पडतो आणि कोरड्या हवेत पुढे कडक होऊन तडकतो. त्यात गुळगुळीत आर्ट पेपर जड असतो, तो स्वतःच्या वजनाने पान ओढतो.

म्हणून : गच्चीखालच्या खोलीतल्या वरच्या फळीवर नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. कपाट बाहेरच्या, पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवू नका. पुस्तकं उभी ठेवा, पण सैल नको आणि गच्चही नको. एक बोट जाईल एवढी जागा पुरे. नवं पुस्तक एकदम मधोमध उघडून दाबू नका. दोन्ही बाजूंनी दहा-दहा पानं उलटत, पाठ हळूहळू सैल करत मध्याकडे या.

प्लॅस्टिकची पिशवी वापरायची तर पॉलिप्रॉपिलिनची घ्या. मऊ, वास येणारी पीव्हीसीची नको. तिच्यातलं तेलकट द्रव्य सुटून शाईला चिकटतं. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या मुलाम्यावर बसते. कसर लागली असेल तर पुस्तक दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी जमतं.

पावसात आर्ट पेपर भिजला तर घाई करावी लागते. या कागदावर मातीचा लेप असतो, तो सुकताना पानं एकमेकांना धरतात आणि मग सोडत नाहीत. ओलं असतानाच दर दोन-तीन पानांत बटर पेपर घाला आणि पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने थोडी थोडी पानं सुकवा.

आम्ही तिघं मित्र 'सोलापूर बुडाल्यानंतर' असं कॉमिक काढतोय. पटकथेत शहरातलं पाणी संपतं आणि लोक मारामाऱ्या करतात. कसं वाटतं? स्पष्ट सांगा, लै मनावर घेणार नाही. — कॉलेजचे विद्यार्थी, अशोक चौक

स्पष्ट सांगतो : पाणी संपत नाही, आणि तिथेच तुमची खरी गोष्ट आहे.

उजनीत पूर्ण भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त, उरलेलं ६३-६४ मृतसाठा. 'उजनी मायनसमध्ये गेली' असं आपण दर उन्हाळ्यात म्हणतो, तेव्हाही खाली हा मृतसाठा असतोच. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटींहून जास्त लिटर. तुमच्या गोष्टीत ५,००० माणसं उरली असं धरा. आपत्तीच्या काळात माणशी १५ लिटर हे किमान मानतात. म्हणजे रोज ७५,००० लिटर, वर्षाला पावणेतीन कोटी. उजनी त्यांना पिढ्यानपिढ्या पुरेल. पण धरण आणि शहर यांच्यात शंभरेक किलोमीटर जलवाहिनी आहे आणि पाणी पंपांनी उचलावं लागतं. वीज गेली की धरण भरलेलं आणि नळ कोरडा. मग शहर कुठे सरकेल? हिप्परग्याच्या तलावाकडे, सिद्धेश्वर तलावाकडे, वाड्यांतल्या बुजवलेल्या विहिरींकडे. विहीर कुणाच्या वाड्यात आहे आणि मोट ओढायला बैल कुणाकडे आहेत, यावर नवे 'पुढचे डबे' आणि 'मागचे डबे' ठरतील. मारामारीपेक्षा हे जास्त भीतीदायक आहे, आणि काढायला सोपंही.

अन्नाचंही असंच. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी धरलीत तर वर्षाला १४६ किलो. ५,००० माणसांना ७३० टन, म्हणजे जवळजवळ एक हजार घनमीटर जागा. ती कुठे साठवणार? आपल्या भागात पेवं होती, जमिनीत खणलेली, आतून पेंढा लावून वरून मातीने बंद केलेली. तिथे एक अख्खं प्रकरण होईल. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून जाणते लोक पेव उघडून दिवसभर तसंच ठेवत आणि आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरायचं नाही. तुमच्या पटकथेत बंदुकी तीन ठिकाणी आहेत. त्यातली एक काढा आणि हा कंदील घाला.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र पात्रांच्या झोळीत राहू द्या. पाण्याचा अंश जवळजवळ नसल्यामुळे कडक भाकरी आठवडे न् आठवडे बुरशी धरत नाही. दूरच्या वाटेला शोधूनही याहून चांगलं सापडणार नाही. झोळी सोलापुरी चादरीची केलीत तरी चालेल, पण प्रत्येक पानावर चादर नको. पाठवलेल्या बारा पानांत ती नऊ वेळा आली आहे.

आता पानांविषयी. मूळ चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढा, आकसल्यावर रेघा घट्ट दिसतात. पण फार जवळजवळ मारलेल्या आडव्या-उभ्या रेघा छपाईत भरून काळा डाग होतो. दोन रेघांत निबेच्या जाडीच्या दुप्पट जागा सोडा. नुसती रेघ असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा, शाईचे करडे थर असतील तर ग्रेस्केलमध्ये.

आणि संवादाचे फुगे आधी काढून मग त्यात अक्षरं कोंबू नका. इंग्रजी पुस्तकं बघून ही सवय लागते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षराचं पोट. 'दृष्टी', 'वर्षी', 'कुर्ल्याहून' असं काही एकाखाली एक आलं की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो. दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या निम्म्याएवढी तरी मोकळी जागा हवी. आधी पेन्सिलने वाक्य लिहा, वीस-बावीस शब्दांच्या वर गेलं तर दोन फुगे करा, मग भोवती फुगा आखा आणि उरलेल्या जागेत माणसं बसवा. पान सात पुन्हा काढावं लागेल. तिथे संवादाखाली बैलाचं तोंड गेलं आहे.